फायबरच्या गाडीचा रंग काढण्याआधी

सिपानी डॉल्फिन रस्त्यावर निघाली की अजूनही लोक सिग्नलला काच खाली करून विचारतात, "कुठली हो गाडी?" ऐंशीच्या दशकात बंगळूरला बनलेली, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून उचललेली, ८४८ सीसीची. खाली लोखंडी चॅसी आणि वरची सगळी बॉडी फायबरची, म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवलेल्या काचेच्या धाग्यांची. आमच्याकडे ती मामांकडून आली. तीन वर्षांपूर्वी मी तिचा जुना रंग काढला, चिरा भरल्या, नवा रंग मारला. दिवाळीला गाडी आरशासारखी दिसत होती. एप्रिलमध्ये बॉनेटवर आणि छतावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड आले. एक फोड नखाने उकरला तर आतून पाण्याचा थेंब निघाला. आता तेच काम पुन्हा काढलंय, म्हणून आधी ही तयारी लिहून ठेवतोय.

पहिली तयारी कॅलेंडरची. हे काम पावसाळ्यात काढायचं नाही. मी कोल्हापुरात, जुलैमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये काढलं, कारण तेव्हा हाताला वेळ होता. फायबरला गंज लागत नाही, मग पाण्याची काय भीती, असा माझा समज. वर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रेझिनचा, थर शाबूत असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण रंगाबरोबर जेलकोट खरवडला गेला की आतले काचेचे धागे उघडे पडतात आणि उघडा धागा समईच्या वातीसारखा पाणी ओढतो. त्यावर रंग मारला की ते पाणी आतच कोंडतं. उन्हात बॉनेट तापलं की ते पसरतं, वाट शोधतं आणि रंग उचलतं. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करा आणि मार्चपर्यंत रंग मारून मोकळे व्हा. उघडं फायबर कोरडं ठेवा. हे मी अजून दोनदा तरी सांगणार आहे.

सुटे भाग, नटबोल्ट, फोटो, पिशव्यांवर चिठ्ठ्या, हे सगळ्यांना माहीत आहे. एक मात्र पत्र्याच्या गाड्यांवर हात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही: फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर चॅसीपर्यंत नेलेली असते. ती कुठून कुठे जाते त्याचा फोटो काढा. नाहीतर रंग झाल्यावर इंडिकेटर का लागत नाही म्हणून दोन दिवस जातील. दारांच्या फटीही आत्ताच मोजून लिहून ठेवा आणि काढलेलं बॉनेट भिंतीला टेकवून उभं करू नका. महिनाभरात ते पीळ खातं. सपाट ठेवा, खाली चार ठिकाणी आधार द्या.

मास्क. तोंडाला रुमाल बांधून फायबर घासणारी पोरं मी पाहिली आहेत आणि मला ते बघवत नाही. धुळीसाठी एन-९५ किंवा त्याहून चांगला, रेझिनच्या वासासाठी कार्ट्रिजवाला, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला. एकाचं काम दुसरा करत नाही. डोळ्यांना बंद गॉगल, कारण हार्डनरचा, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या रसायनाचा, एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. पूर्ण बाह्या, हातमोजे. काम झाल्यावर आधी गार पाण्याने हातपाय धुवा, चोळू नका.

रंग काढण्यासाठी पत्र्यावर वापरतात तो पेंट रिमूव्हर आणू नका. तो रंग आणि रेझिन यांत फरक करत नाही, फायबर मऊ पाडतो आणि आत मुरतो. हीट गन नको, सँडब्लास्टिंग तर अजिबात नको. दाढीच्या पत्तीसारखी धारदार पत्ती होल्डरमध्ये बसवा, तिचे दोन्ही कोपरे घासून गोल करा आणि आडवी धरून रंग सोला. थर जुने असतील तर सालीसारखे निघतात. उरलेल्याला ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, मग १८०, लाकडी ठोकळ्यावर. कोरडा पेपर! पेंटर सवयीने बादली आणि वॉटर पेपर घेऊन येईल. बादली गेटाबाहेर ठेवायला सांगा. माझ्याकडे नेमकं हेच झालं: उघडं फायबर पाण्याने घासलं, वर लांबी (पुट्टी) भरली, ती लांबीही पाण्यानेच घासली. लांबी स्वतःच पाणी पिते. आणि पेपर लावण्याआधी जुनं पॉलिश, ग्रीस थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पेपर ते चरांत दाबून बसवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. रंग काढून झाला की थांबा. गाडी कोरडी दिसेल, हाताला कोरडी लागेल, तरी थांबा. पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन कापा, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तास सोडा. दुसऱ्या दिवशी आधी प्लॅस्टिक बाहेरून पुसा, कारण दव बाहेरही बसतं. पुसूनही धुरकट दिसलं, बारीक थेंब दिसले, तर ते आतून आलेलं पाणी आहे. आठवडाभर उन्हावाऱ्यात ठेवा, रात्री झाका, पुन्हा चौकोन लावा. बॉनेट, छत, चाकांवरचे भाग, प्रत्येकाला वेगळा. या वेळी माझं छत दोन वेळा नापास झालंय आणि मी तिसरा चौकोन लावून बसलोय. दुरुस्तीसाठी मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणून ठेवली आहे, पेंटरचे रोज फोन येतायत, तरी हात लावलेला नाही.

कोरडं झाल्यावरच दुरुस्ती. केसासारख्या चिरांवर नुसती लांबी थापू नका, व्हीसारखी खाच पाडून चांगलं फायबर लागेपर्यंत उघडा. आरपार चीर असेल तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि पाठीमागूनही मॅट लावा. पाठीमागे चाळीस वर्षांचं तेल, डांबर असतं, ते साफ करून खरखरीत केल्याशिवाय काहीही धरत नाही. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. कापलेली कड रंगाखालून रेघ बनून दिसते. ३०० किंवा ४५० ग्रॅमची मॅट, तिच्या वजनाच्या साधारण दुप्पट रेझिन. हार्डनर १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम, उन्हाळ्यात कमी. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) वेगळं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही येता कामा नयेत, आग लागते, स्फोट होतो. एका डब्यात ठेवू नका, एका चमच्याने मोजू नका. एका वेळी थोडंच कालवा. उरलेलं कपात तापून धूर सोडतं, कप बाहेर वाळूत ठेवा.

दुरुस्तीनंतर पॅनेल दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, जे आकसायचं ते आत्ताच आकसू दे. मग लांबी, कोरडी घासा. इपॉक्सी प्रायमर. टू-के रंग (दोन भाग मिसळून मारायचा) घरी मारू नका, त्याला हवा पुरवणारा मास्क लागतो, बूथवाल्याकडे द्या. रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद.

आणि प्रायमरचा डबा उघडायच्या आदल्या दिवशी प्लॅस्टिकचा चौकोन पुन्हा लावा. पूर्ण २४ तास.