प्रेरणादायी कादंबरी आणि घरसंसाराचे पुस्तक वाचल्यावर नोंद कशी लिहावी

माझ्या एका जुन्या वाचनवहीत वर्षभरात वाचलेल्या अकरा पुस्तकांच्या नोंदी आहेत आणि त्यांपैकी नऊ नोंदी "अत्यंत प्रेरणादायी, प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक" या एकाच वाक्यावर संपलेल्या आहेत. आज ती वही चाळली, तर कोणत्या पुस्तकात काय होते हे मलाच सांगता येत नाही. एका लेखकाचे नाव खोडून दुसऱ्याचे घातले तरी नोंद तशीच्या तशी चालून जाईल. याउलट, माझ्या सासूबाईंच्या पाककृतींच्या पुस्तकातील समासात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या ओळी पाहाव्यात: "तेल निम्मे पुरते." "पाहुण्यांनी वाखाणले, घरात कोणी खाल्ले नाही." "मे महिन्यात करू नये." सासूबाईंनी उभ्या आयुष्यात पुस्तक-परीक्षण लिहिले नाही, पण या तीन ओळींत पुस्तक, घर, ऋतू आणि त्यांचे स्वतःचे मत असे सगळे आलेले आहे. पुढे जी पद्धत सांगते आहे, ती मी त्या समासावरूनच शिकले.

पुस्तक हाती आल्यावर प्रथम आतल्या पानावरील प्रथमावृत्तीचे साल, पुस्तक मूळ मराठी आहे की अनुवादित, आणि अनुवादित असल्यास कोणत्या भाषेतून आले आहे, एवढे वहीत उतरवून घ्यावे. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचून संपेपर्यंत वाचू नये, कारण तेथील विशेषणे नकळत आपल्या नोंदीत शिरतात आणि पुढे ती आपलीच वाटू लागतात. माझ्या नऊ नोंदींतील "अत्यंत प्रेरणादायी" बहुधा तेथूनच आले असावे. अनुवाद मला वर्ज्य नाहीत; परंतु कादंबरीतील नायक दर चार पानांनी खांदे उडवीत असेल, तर ते अवश्य टिपावे. नागपुरात मी आजवर कोणाला खांदे उडवताना पाहिलेले नाही.

वाचताना कागदाच्या चिठ्ठ्या जवळ ठेवाव्यात आणि जेथे गळा दाटून आला किंवा छाती भरून आली तेथे एक चिठ्ठी घालावी. या बाबतीत एक पथ्य पाळावे. प्रेरणादायी कादंबऱ्यांत ठळक उठून दिसणारी सुविचारवजा वाक्ये पुष्कळ असतात आणि हात आपोआप त्यांच्याखाली रेघ ओढू लागतो, तो आवरावा. खूण वाक्याला करू नये, प्रसंगाला करावी. वाक्य दिनदर्शिकेच्या पानावरही शोभते. ते कादंबरीत का आले, याचे उत्तर त्याच्या आधीच्या पाच-सात पानांत असते.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाचे पुस्तक घेऊ. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात "श्यामची आई" लिहिली. ती बेचाळीस रात्रींत विभागलेली आहे आणि श्याम आश्रमातील सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. या पुस्तकाविषयी विचारले की दहातले नऊ जण "आईची माया" एवढेच सांगतात. प्रत्यक्षात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला हीच आई झोडपून विहिरीवर धाडते आणि नंतर त्याच्या अंगावर उठलेले वळ पाहून तिच्याच डोळ्यांना पाणी येते. शिवाय त्या घरावर कर्जाचे सावट आहे आणि सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करून जातो. मायेने मन हेलावते हे खरे, पण ते का हेलावते हे शोधू गेल्यास असे दिसते की ही माया हाती काही नसलेल्या, मार देणाऱ्या आणि मग रडणाऱ्या एका बाईची आहे. नोंदीत लिहायचे ते हे. "आईची माया" हे दोन शब्द लिहून थांबलो, तर पुस्तक न वाचलेल्या माणसाच्या आणि आपल्या नोंदीत फरक राहत नाही.

कादंबरी संपल्यावर तिला काही साधे, व्यवहारी प्रश्न विचारावेत. ते मला माझ्या भाच्याने शिकवले. नोकरी सुटल्यानंतर तो मनाने खचला होता, म्हणून मी त्याला एक गाजलेली प्रेरणादायी कादंबरी भेट दिली. तिचा नायक सर्व सोडून स्वतःच्या शोधात निघतो आणि वर्षभराने वेगळाच माणूस होऊन परततो. भाच्याने ते पुस्तक आठवड्यात परत आणून दिले आणि म्हणाला, "मावशी, ह्या पोराला घरभाडं भरा लागत नाही का?" मला त्या वेळी राग आला, उपकाराची जाण नाही, असेच वाटले. रात्री पुस्तक पुन्हा उघडून पाहिले, तर तीनशे पानांत भाडे, किराणा किंवा औषध यांपैकी कशाचाही हिशेब नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रेरणादायी कादंबरीत चार गोष्टी पाहते: पैसा कोठून येतो; नायक झगडत असताना त्याचा स्वयंपाक कोण करते; वळणाच्या जागी त्याचे स्वतःचे कर्तृत्व किती आणि योगायोग किती; आणि त्याने जे मिळवले त्याच्या बदल्यात काय गमावले. यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो. पहाटे चारला उठून ध्येयाचा पाठलाग करणाऱ्या नायकाला साडेचारला चहा देणारी बाई पुस्तकात आहे की नाही, असल्यास तिला नाव आहे की नाही, हे पाहिले की लेखकाला संसार किती ठाऊक आहे ते लक्षात येते. चारही उत्तरे नकारार्थी आली म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. खचलेल्या माणसाला कधीकधी हिशेब नसलेली गोष्टच हवी असते. फक्त आपण कोणाला काय देत आहोत, याची कल्पना असावी.

कादंबरीसोबत त्याच विषयावरील एखादे आत्मकथन वाचल्यास तिसऱ्या प्रश्नाला विशेष धार येते. आपल्या नागपूरच्याच कुमुद पावडे यांचे "अंतःस्फोट" १९८१ साली प्रसिद्ध झाले. दलित कुटुंबात जन्मलेली मुलगी संस्कृत शिकते, त्या विषयात उत्तम रीतीने एम.ए. होते, एवढ्यावर प्रेरणादायी कादंबरी सुखाने संपली असती. पावडे तेथे थांबत नाहीत. पदवी हाती असूनही नोकरी मिळत नव्हती, आणि ती मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर, आडनाव सोमकुवरचे पावडे झाल्यावर, हे त्या स्वतः नोंदवतात आणि त्या नोकरीचे श्रेय कोणत्या नावाला द्यावे, असा प्रश्न वाचकापुढे ठेवतात. कादंबरीकार ज्याला नशीब म्हणून पुढे जातो, त्याला येथे जात असे नाव आहे. माझ्या वहीत या पुस्तकाच्या पानासमोर एका कादंबरीची नोंद आहे आणि दोन्ही पाने एकत्र वाचली की त्या कादंबरीत काय गाळले आहे ते आपोआप दिसते. अशी आत्मकथने हवी असल्यास धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून अवश्य फिरावे. गर्दी अफाट असते, त्यामुळे पुस्तकांची यादी आधी लिहून न्यावी आणि पाण्याची बाटली विसरू नये.

घरसंसाराच्या पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. घर कसे आवरावे, खर्च कसा बेतावा, वाळवणे कशी करावीत हे सांगणारे पुस्तक केवळ वाचून त्यावर मत देणे म्हणजे साडी नेसून न पाहता तिच्या पदराविषयी बोलणे आहे. अशा पुस्तकातील एकच गोष्ट निवडावी, ती निदान पंधरा दिवस घरात करून पाहावी आणि मगच लिहावे. एकदम पाच गोष्टी सुरू केल्या, तर कशामुळे काय झाले हे कळत नाही आणि घरातील माणसे वैतागतात ते निराळेच.

करून पाहताना ऋतू आणि गाव यांची नोंद न चुकता करावी, कारण ही पुस्तके बहुतेक वेळा दुसऱ्याच हवेत लिहिलेली असतात. एका पुस्तकात विरजण लावल्यावर दही आठ तासांनी पाहावे, असे होते. मी मे महिन्यात रात्री दहाला अर्धा लिटर कोमट दुधात चमचाभर विरजण घातले आणि पहाटे सहाला झाकण काढले, तेव्हा दह्यावर पिवळसर पाणी सुटलेले होते आणि चव जिभेला झोंबत होती. दुसऱ्या दिवशी पाव चमचा विरजण घालून, भांडे पाण्याच्या परातीत ठेवून, पाच तासांनी पाहिले, तेव्हा सुरीने कापावे असे दही लागले होते. कुरडयांचेही तसेच झाले. पुस्तकात तीन दिवसांचे ऊन सांगितले होते. आमच्या गच्चीवर दीड दिवसात त्या इतक्या कडकडीत झाल्या की डब्यात भरतानाच निम्म्यांचा चुरा झाला. पुस्तक चुकीचे आहे, असे मी लिहिले नाही. "नागपूर, मे, गच्ची: दीड दिवस पुरे, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सावलीत घ्याव्यात," एवढेच लिहिले.

घर आवरण्याच्या पुस्तकांशी मात्र माझे अजून जमलेले नाही. ज्या वस्तूने मनाला आनंद होत नाही ती काढून टाकावी, हा त्यांचा सल्ला एकट्या माणसाच्या खोलीला ठीक आहे. आमच्या माळ्यावरील पितळी घंगाळ माझ्या आनंदाचे नाही, पण ते माझेही नाही. ते सासूबाईंच्या माहेरचे आहे. जुनी लुगडी पूर्वी गोधडीत जात, साड्या बोहारणीकडे जाऊन त्यांचे भांडे येई, आणि वस्तू घराबाहेर पडण्याचा हाही एक विचारपूर्वक घातलेला मार्गच होता. तेव्हा असे पुस्तक वाचल्यावर, घरातील कोणत्या वस्तूवर कोणाचा हक्क आहे याचा त्यात विचार केला आहे का, हे जरूर लिहावे. कपडे उभे घडी करून ठेवण्याची त्यांची रीत मात्र मी उचलली आणि ती टिकली आहे. साड्यांना ती लागू पडत नाही, टॉवेलांना पडते.

प्रत्यक्ष नोंद लिहिण्यापूर्वी तीन दिवस जाऊ द्यावेत. पुस्तक मिटल्या मिटल्या लिहिले तर कढ उतरलेला नसतो आणि महिना लोटला तर चिठ्ठ्या कशासाठी घातल्या ते आठवत नाही. कच्च्या मसुद्यात "प्रेरणादायी", "हृदयस्पर्शी" आणि "अप्रतिम" हे शब्द वापरायचे नाहीत, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. ते अडले की जे सांगायचे आहे ते दुसऱ्या वाटेने बाहेर येते. आरंभी एक प्रसंग शेवट न फोडता तीन-चार वाक्यांत सांगावा, त्यानंतर आपला आक्षेप असल्यास तो मांडावा, आणि मग हे पुस्तक कोणाला द्यावेसे वाटते ते नेमके लिहावे. "सर्वांना" असे लिहू नये. "दहावीला दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलीला" असे लिहिले की वाचणाऱ्याला पुस्तकही कळते आणि आपणही. नोंद दीडशे-दोनशे शब्दांत आटोपते. त्याहून लांबली तर बहुधा आपण कथानक सांगत सुटलेलो असतो.

प्रत्येक नोंदीखाली चार ओळींची जागा कोरी सोडावी. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली जाते तेव्हा मत बदलते, आणि घरसंसाराच्या पुस्तकाला तर वर्षातून दोनदा नवी ओळ लागते. माझ्या दह्याच्या पानावर मे महिन्याच्या नोंदीखाली जानेवारीची ओळ आहे: "विरजण दीड चमचा, भांडे पिठाच्या डब्यात, तरी दुपारी बारापर्यंत थांबावे लागले." तिच्याखाली परवा कोणीतरी पेन्सिलीने "डब्याला शाल गुंडाळून पाहिली, दहाला लागले" असे लिहून ठेवले आहे. हस्ताक्षर सुनेचे आहे.