फाइल उघडत नाही? मग आधी या चुका टाळा

"दादा, फाइल करप्ट झालीय." झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. वाट लागते ती उघडायच्या खटपटीत. म्हणून माझा नियम: आधी कॉपी काढायची, मग जे काय करायचं ते त्या कॉपीवर.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फाइलच्या नावाची शेपूट, म्हणजे टिंबानंतरची प्रकार सांगणारी अक्षरं (एक्स्टेंशन), बदलली की फाइल बदलते असं समजणं. आयओएस ११ आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो. फॉर्मला हवा जेपीजी. मग लोक नावातलं एचईआयसी खोडून तिथे जेपीजी लिहितात. डब्यावरची चिठ्ठी बदलली, आत मीठ ते मीठच! फोटो उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मधून जेपीजी करा. विंडोज ही शेपूट मुळात लपवून ठेवतं. फोल्डरच्या खिडकीतल्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर टिक करा. पीडीएफ म्हणून आलेल्या फाइलच्या टोकाला ईएक्सई दिसलं, म्हणजे तो कागद नसून प्रोग्राम असला, तर डबल क्लिकच्या फंदात पडू नका.

मागे एक मुलगी हॉल तिकीट घेऊन आली. पीडीएफ काही केल्या उघडेना. घरी भावानं पीडीएफ रीडर दोनदा काढून परत टाकला होता. साइज पाहिली, जेमतेम ११ केबी. राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि लगेच पीडीएफ अशी अक्षरं असतात. इथे एचटीएमएल, म्हणजे वेब पानाचा कोड! साइटवरचं लॉगिन संपलं होतं, त्यामुळे हॉल तिकिटाच्या नावाखाली लॉगिनचं पानच उतरलं होतं. परत लॉगिन केलं, दोन मिनिटांत प्रिंट हातात. नोटपॅड मात्र सेव्ह न करता बंद करायचं, नाहीतर चांगली फाइलही बिघडते.

हीच युक्ती वर्डला लागू पडते. वर्ड २००७ पासूनची डॉकएक्स फाइल ही आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र दाबून बांधलेलं गाठोडं असते. नोटपॅडमध्ये पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतात. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. पीके दिसलं की जीव भांड्यात पडतो. आधी वर्डच्या ओपन खिडकीत फाइल निवडून, ओपन बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' करून बघा. नाहीच जमलं, तर कॉपीची शेपूट झिप करा. आतल्या वर्ड फोल्डरमध्ये 'मीडिया'त फोटो आणि 'डॉक्युमेंट' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर बऱ्याचदा शाबूत सापडतो. इथे शेपूट बदलून चालतं, कारण ती खरंच झिप आहे.

ई-आधार तर 'करप्ट' म्हणून हमखास येतं. त्याला फक्त पासवर्ड हवा असतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. सुरेश, १९९० असेल तर एसयूआरई१९९०. त्यासाठी कुठल्या फुकट 'अनलॉक' साइटवर आधार चढवू नका.

जुन्या मराठी फाइल उघडतात, पण अक्षरं अगम्य दिसतात. तो बिघाड नव्हे. कृतिदेवसारखा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मूळ फॉन्ट टाका, मजकूर वाचता येतोय ना बघा, मगच युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत बदला. मंगल हा युनिकोडचा फॉन्ट, तो नुसता लावून काही होत नाही, आणि वैतागून तसंच सेव्ह करू नका.

झिपच्या आतच फाइल उघडून टायपिंग करणं हीसुद्धा जुनी खोड. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'.

आणि पेन ड्राइव्ह लावल्यावर संगणकानं 'फॉरमॅट करायचंय का' विचारलं, तर कॅन्सल. आधी दुसऱ्या पोर्टला, मग दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथेही तेच विचारलं, तर त्यावर नवं काही न टाकता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.