संशय एकच, इंग्रजी शब्द दोन

विम्याच्या दाव्यांची छाननी असो की बँकेचं ऑडिट, इंग्रजीत अहवाल लिहायच्या नोकरीत मराठी माध्यमातून आलेल्याला व्याकरण फार काळ छळत नाही. काळ-बिळ वर्षभरात अंगवळणी पडतात, उरलेलं कॉम्प्युटर लाल रेघ मारून दाखवतो. खरे छळतात ते जवळजवळ सारख्या अर्थाचे शब्द. तिथे लाल रेघ येत नाही. वाक्य बिनचूक असतं आणि अर्थ उलटा गेलेला असतो.

माझा पाय अडकला तो ‘डाउट’मध्ये. एका दाव्यासोबतची हॉस्पिटलची बिलं मला बनावट वाटत होती. मी लिहिलं, ‘वी डाउट दॅट द बिल्स आर फोर्ज्ड’. वरच्यांनी वाचलं ते असं: बिलं बनावट असतील असं वाटत नाही. दावा पुढे सरकला. तिथे हवं होतं ‘वी सस्पेक्ट’.

हे सावकाश वाचा. मराठीत ‘संशय’ दोन्हीकडे चालतो. पोलीस ‘संशयिताला’ ताब्यात घेतात आणि त्याच माणसाला पुढे कोर्ट ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडतं. पहिला संशय त्याच्या अंगावर येणारा: यानेच केलं असावं. तो सस्पेक्ट. दुसरा त्याला वाचवणारा: यानेच केलं याची खात्री नाही. तो डाउट. सस्पेक्टच्या पुढे जे येतं ते घडलं असावं असं लिहिणाऱ्याला वाटतं. डाउटच्या पुढे जे येतं त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून वाक्य झालं की ‘दॅट’च्या पुढचा तुकडा सुटा करून वाचा. हे खरं असावं असं वाटतंय? मग डाउट खोडा. सस्पेक्टला गुन्हाच लागतो असंही नाही. ‘आय सस्पेक्ट इट विल रेन’ हा पावसाचा नुसता अंदाज. आणि ‘आय डोन्ट डाउट’ म्हणजे तर चक्क खात्री.

त्यात आपण सगळे ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणत वाढलो. आपल्याकडे खपतं. लंडनच्या क्लायंटला मात्र त्याच्या म्हणण्यावरच अविश्वास दाखवल्यासारखं वाटू शकतं. सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या समानार्थी शब्दांच्या पीडीएफ आधी डिलीट करा. रॉजेचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ सालचा, मोठं काम आहे, पण ते इंग्रजी येणाऱ्याला अडलेला शब्द आठवून देण्यासाठी. आपल्यासाठी हॉर्नबीची डिक्शनरी, म्हणजे आजची ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’. हा माणूस जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. ती आधी तिथेच १९४२ मध्ये निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. शब्द वाक्यात कसा बसतो हे तीत कळतं: माणसावर संशय घेतला तर गुन्ह्याआधी ‘ऑफ’ येतो, वगैरे. सीनियरही असाच निवडा. ‘चालतंय, सेमच आहे’ म्हणणारा गोड वाटतो आणि तोच तुम्हाला बुडवतो. वाक्य तीनदा परत पाठवणारा खडूस बरा, जरी पहिले काही महिने त्याचं तोंड बघवणार नाही.

घाबरू मात्र नका, प्रत्येक जोडी अशी उलटत नाही. ‘सावली’च घ्या: झाडाखाली बसतो ती शेड, आपल्या मागे चालते ती शॅडो. चुकलं तर लोक फार तर हसतील. फक्त ‘एक्स्पेक्ट’ सांभाळा. ‘उत्तराची अपेक्षा आहे’ हे मराठीत अदबीचं, पण ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय’ साहेबाला हुकूम वाटतो. तिथे ‘लुक फॉरवर्ड टू’ घाला.

आणि एखाद्या इंग्रजाने तुमच्या अहवालाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर लगेच पेढे वाटू नका, त्याला बहुधा ‘बरा आहे’ एवढंच म्हणायचं असतं. अमेरिकन म्हणाला तर वाटा.