कुत्तिनिर्पाकमध्ये वन्यजीव कसे पाहावेत

कॅनडातील एल्समिअर बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या कुत्तिनिर्पाक राष्ट्रीय उद्यानात रस्ते नाहीत. तेथे सहसा रेझोल्यूट या उत्तर कॅनडातील लहान वस्तीहून भाड्याच्या लहान विमानाने जावे लागते, आणि उद्यानात शिरण्यापूर्वी नोंदणी व सुरक्षाविषयक माहितीसत्र सक्तीचे असते.

हे ध्रुवीय वाळवंट असल्याने प्राणी विरळ आहेत, म्हणून दिसेल त्या दिशेने चालत सुटण्यात काही अर्थ नाही. टँक्वेरी फियॉर्ड (समुद्राची अरुंद, खोल खाडी) आणि हेझन सरोवराच्या परिसरात, वितळलेल्या बर्फाचे पाणी झिरपून जिथे गवत व विलोची बुटकी झुडपे उगवली असतील, अशा हिरव्या पट्ट्यासमोर वाऱ्याची दिशा पाहून दुर्बीण घेऊन बसावे. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते. सर्वात आधी बहुधा ससेच नजरेत भरतात, कारण इतक्या उत्तरेला ते उन्हाळ्यातही पांढरेच राहतात. क्वचित त्यांचे मोठे कळप दिसतात आणि बिचकलेला ससा मागच्या दोन पायांवर उभा राहून पळतो, हे दृश्य काहीसे विनोदी वाटते.

मस्कऑक्स हा लांब केसांचा, बैलासारखा प्राणी मात्र दुरून काळ्या खडकासारखा भासतो. खडक हलला की थांबावे आणि किमान १०० मीटर अंतर राखावे. कळपाने पिल्लांना आत घेऊन खांद्याला खांदा लावला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे. एकटा नर अधिक धोकादायक असतो: तो डोके हलवू लागला किंवा डोळ्याजवळची ग्रंथी पुढच्या पायावर घासू लागला, तर हल्ला होण्याची शक्यता असते, म्हणून छायाचित्राचा मोह सोडून सावकाश मागे सरावे.

लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी जमिनीवर घरटे करतो. तो डोक्यावर झेपावू लागल्यास काठी उंच धरावी आणि पायाखाली पाहत आल्या वाटेने परतावे, कारण मातकट रंगाची ठिपकेदार अंडी सहज तुडवली जातात.

येथील पांढरे लांडगे माणसाला फारसे बुजत नाहीत आणि कुतूहलाने तंबूपर्यंत येतात. त्यांचा हा धीटपणा मैत्री समजू नये. अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात, तंबूपासून दूर ठेवावे, आणि लांडगा जवळ येऊ लागल्यास न पळता सर्वांनी एकत्र उभे राहून मोठ्याने ओरडावे.