बँकॉकमध्ये 'व्हेज' नको, 'जे' म्हणा

बँकॉकच्या गाडीवर 'व्हेज' सांगितलं की बाई हसून मान डोलावते, चिकन वगळते आणि वरून नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस, सढळ हाताने ओतते. फसवणूक नाही हं, तिच्या लेखी ते मिठासारखंच! म्हणून 'जे', म्हणजे थाई पद्धतीचं कडक शाकाहारी जेवण, विचारा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं चिन्ह शोधा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी कंदमुळांचं तेवढं वेगळं विचारावं.

कच्च्या पपईचं सोम ताम, म्हणजे कोशिंबीर, इतर गाडीवर घ्यायचं तर उखळीत कुटायला लागण्याआधीच सांगा: 'माय साय कुंग हेंग, माय साय नाम प्ला'. सुकी कोळंबी नको, माशांचा सॉस नको.