ओयामा चढावा तो पायथ्याच्या गावापासून

टोकियोच्या नैऋत्येस, कानागावा प्रांतात असलेला ओयामा हा १२५२ मीटर उंचीचा पर्वत एका दिवसात चढून उतरता येतो. मात्र केवळ शिखर गाठण्याच्या घाईत थेट केबल कारमध्ये बसणाऱ्याला या पर्वताची खरी ओळख होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

टोकियोतील शिंजुकू स्थानकाहून ओदाक्यू रेल्वेने सकाळी लवकर इसेहारा स्थानकावर उतरावे आणि बसने ‘ओयामा केबल’ या थांब्यापर्यंत जावे. तेथून सुरू होणारी कोमा-सांदो ही दुकानांमधून जाणारी पायऱ्यांची वाट सावकाश चढावी. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) टोकियो परिसरातील शेतकरी, कारागीर आणि व्यापारी मंडळे करून येथे येत. शेतकरी पावसासाठी साकडे घालत. त्यांच्या मुक्कामाची आणि पूजेची व्यवस्था पाहणाऱ्या पुरोहित घराण्यांपैकी काहींची यात्री निवासे आजही चालू आहेत, आणि त्यांच्या दगडी कुंपणांवर अनेक मंडळांची नावे कोरलेली दिसतात. वाटेवरील फरशांवर भोवऱ्यांची चित्रे आहेत, कारण लाकडी भोवरे ही येथील जुनी कारागिरी आहे.

पुढे दोन वाटा फुटतात. ‘पुरुषांचा चढ’ सरळ आणि खडा आहे. ‘स्त्रियांचा चढ’ ओयामा-देरा या बौद्ध मंदिरावरून जातो आणि पहिल्यांदा येणाऱ्याने तोच निवडावा. दोन्ही वाटा आफुरी या शिंतो देवस्थानाच्या खालच्या मंदिराशी मिळतात. तेथून सागामी उपसागर दिसतो. समुद्रावरील कोळ्यांसाठीही हा पर्वत दिशा दाखवणारी खूण होता, त्यामुळे त्यांचीही येथे श्रद्धा आहे.

मंदिराच्या बाजूच्या खड्या दगडी जिन्यापासून शिखराची वाट सुरू होते. मुळे आणि ओबडधोबड दगडांमुळे तिला सुमारे दीड तास लागतो, म्हणून घोट्याला आधार देणारे बूट घालावेत. वाटेवर क्रमांकाचे दगड आहेत; विसाव्या क्रमांकाच्या दगडापाशी हवा स्वच्छ असल्यास फुजी पर्वत दिसतो, अठ्ठाविसावा दगड शिखरावर आहे. उतरताना मिहाराशिदाई या देखावा पाहण्याच्या जागेवरून जाणारी वाट घेतल्यास, विशेषतः दमट उन्हाळ्यात, मोज्यांवर जळवा चढल्या आहेत का ते मधूनमधून पाहावे. परतीच्या शेवटच्या केबल कारची वेळ सकाळीच पाहून ठेवावी आणि डोक्याला बांधायचा दिवा बरोबर असू द्यावा. डोंगराच्या पाण्यावर बनणारा टोफू (सोयाबीनचे पनीर) ही गावाची खासियत आहे. तो जेवायचा असल्यास उशीर न करता खाली यावे, कारण संध्याकाळनंतर बरीचशी दुकाने बंद होतात.