इलेक्टिव्हचा रकाना भरण्याआधी

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला त्याच दिवशी ऑफिसच्या खिडकीतून एक फॉर्म हातात पडला. एका इलेक्टिव्हपुढे, म्हणजे निवडीच्या विषयापुढे, टिक करून पाचच्या आत परत द्यायचा होता. शेजारच्या मुलीने जैवविविधतेवर टिक केली होती, मीही केली. जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं, प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत चालायचं आणि माझी एसटी सव्वापाचला सुटायची. माझा विचार एवढाच.

आमची बॅच २०२३ ची. नवीन शैक्षणिक धोरण एम.एस्सी.ला लागू झालं ते याच वर्षी, त्यामुळे सीनियरांना विचारून उपयोग नव्हता, त्यांचा पॅटर्न जुना. सगळी रचना मला कळेपर्यंत वर्ष गेलं, म्हणून इथे सांगून टाकते. दोन वर्षांत ८८ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक), दर सेमिस्टरला २२. त्या २२ मधले ४ इलेक्टिव्हचे. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी ४, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्या-चौथ्याला रिसर्च प्रोजेक्ट, ४ आणि ६. बाकीचे मेजर, म्हणजे मुख्य विषयाचे, तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

पदवीला मायनर म्हणून वेगळा दुय्यम विषय असतो, तसा इथे नाही. पण बेरीज करून बघा. चार इलेक्टिव्हचे १६, ट्रेनिंग आणि प्रोजेक्टचे १४. म्हणजे ८८ पैकी ३० क्रेडिट कुठे खर्च करायचे ते बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. ते एकाच दिशेने लावले तर गुणपत्रिकेवर नाव नसलं तरी तुमचा मायनर तयार होतो. मी काय केलं? पहिल्या सेमला जैवविविधता, दुसऱ्याला घनकचरा, ट्रेनिंग सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. मुलाखतीत विचारलं, ‘तुम्हाला नेमकं काय येतं?’ तर मी अभ्यासक्रमच वाचून दाखवायला लागले.

यादीत चार-पाच इलेक्टिव्ह छापलेले असतात, प्रत्यक्षात एक किंवा दोनच चालतात. पुरेशी मुलं नसली किंवा शिकवणारं कुणी नसलं की बाकीचे बंद. बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, ऑगस्टमध्ये विषय सुरू करणारे सर ऑक्टोबरमध्ये असतीलच असं नाही. त्यामुळे विषयाच्या नावावर जाऊ नका, यंदा तो कोण शिकवणार आहे ते विचारा. आणि लॅब असिस्टंटशी बोला. विभागातलं खरं काय ते त्यांनाच माहीत असतं.

आमच्या माहितीपत्रकात एएएस, म्हणजे जड धातू मोजायचं यंत्र, असल्याचं ठळक छापलं होतं. यंत्र होतंही. पण त्यात सहसा दर धातूला वेगळा दिवा लागतो, आणि आमच्याकडे चालू दिवे दोनच, शिसं आणि जस्त. एकाला क्रोमियमवर प्रोजेक्ट करायचा होता, त्याने शेवटी जस्तावर केला. तेव्हा ‘यंत्र आहे का’ एवढ्यावर थांबू नका. दिवे कोणते आहेत, गॅसचा सिलिंडर भरलेला आहे का, हेही विचारा.

पाण्याचा इलेक्टिव्ह घेणार असाल तर स्वभावही बघा. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते सांगणारा बीओडी आपल्याकडे नमुना २७ अंशाला तीन दिवस ठेवून काढतात. म्हणजे गुरुवारी लावलेली बाटली रविवारी उघडायची, आणि रविवारी लॅबला कुलूप. मग नमुने आणायचे कधी, इथपासून आठवडा आखावा लागतो. मग टायट्रेशन, म्हणजे थेंब-थेंब रसायन टाकून मोजणं. त्यात स्टार्च टाकल्यावर आलेला निळा रंग एका थेंबाने जातो, तो थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हे ज्याला आवडतं त्याने हाच रस्ता धरावा. टेस्टिंग लॅब आणि कारखान्यांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं (ईटीपी) इथे अशी माणसं लागतातच.

जीआयएसबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. सगळे म्हणतात, आधी ते घ्या. मी ते नंतर घरीच शिकले. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या प्रतिमा फुकट मिळतात. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर प्रत्येक नकाशाला चहा होऊन जायचा, पण जमलं. एएएस किंवा क्षेत्रकार्य घरी कसं शिकणार? म्हणून जे घरी शिकता येत नाही ते कॉलेजकडून घ्या. अर्थात घरी बसून स्वतः शिकायची सवय नसेल तर हा सल्ला सोडून द्या.

जैवविविधता मात्र वाया गेली नाही, हे कबूल करायला हवं. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांचे जे ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचे) अहवाल होतात, तशा कामात मी आता आहे. पहिल्याच महिन्यात एक जुना मसुदा तपासायला आला. प्रकल्प घाटमाथ्यावरचा आणि वनस्पतींच्या यादीत तिवर! कुठल्या तरी किनारपट्टीच्या अहवालातून यादी जशीच्या तशी उचललेली. ते माझ्या नजरेला पडलं ते जैवविविधतेपुढच्या त्या टिकमुळेच.

नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, विचार असेल तर पेपरमध्ये दहा युनिट आहेत, एक इलेक्टिव्ह घेऊन फार फरक पडत नाही. फक्त नववं युनिट, सांख्यिकी आणि मॉडेलिंग, वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राकडून आलेली मुलं हमखास सोडून देतात. मीही सोडलं होतं. सांख्यिकीचा इलेक्टिव्ह चालू असेल तर त्याचा फायदा प्रोजेक्टलाही होतो.

ईएसजीचं, म्हणजे कंपन्यांनी पर्यावरण, समाज आणि कारभार यांचा हिशोब देण्याचं, सध्या सगळीकडे ऐकू येतं. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना असा हिशोब मांडणारा बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे काम आहे. पण वर्गात नुसत्या व्याख्या लिहून देणार असतील तर ते चार क्रेडिट दुसरीकडे लावा. वीजबिल आणि डिझेलच्या पावत्यांवरून उत्सर्जनाचा हिशोब करून घेणार असतील तर जरूर बसा.

चुकीची टिक झालीच तर सुरुवातीच्या दिवसांत विभागप्रमुखांना साधा अर्ज देऊन बघा. आमच्यातल्या दोघांना विषय बदलून मिळाला. मी मागितलाच नाही, कारण एसटी. सव्वासहाला आणखी एक गाडी असते हे मला तिसऱ्या सेमिस्टरला कंडक्टरने सांगितलं.